‘फोनवर चालंना झालंय’: सीमाभागातल्या एका व्याख्यानमालेच्या व्हिडिओंचं प्रकरण

जानेवारी २०२१ च्या दुसऱ्या आठवड्यात बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका गावच्या वाचनालयाचा सगळा व्हिडिओ संग्रह बंद पडला. वेबसाइट उघडत होती, यादी दिसत होती, पण व्याख्यानावर टिचकी मारली की काळ्या चौकोनात एक छोटं चिन्ह यायचं आणि ते अडोबीच्या पानावर नेऊन सोडायचं. हे व्हिडिओ ज्यावर चालायचे ते फ्लॅश नावाचं सॉफ्टवेअर त्याच्या कंपनीनं, अडोबीनं, कायमचं बंद केलं होतं. वाचनालयाच्या कार्यवाहांनी मला फोन केला तो त्यानंतर. माझं काम बेळगावच्या टिळकवाडीत बसून लहान संस्थांच्या वेबसाइट सांभाळण्याचं. गावाचं आणि माणसांचं नाव इथं घेत नाही, घ्यायची गरजही नाही. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी या पट्ट्यात ज्या गावांतून सुगी आटोपली की मराठी साहित्य संमेलनं आणि व्याख्यानमाला होतात, त्यांतलंच हे एक गाव.

कार्यवाहांचं पहिलं वाक्य होतं, “सर, आता कॉम्प्युटरवरबी चालंना झालंय बघा.” त्यातला ‘बी’ महत्त्वाचा. म्हणजे फोनवर ते कितीतरी वर्षांपासून चालत नव्हतं, आणि त्याची दखल कुणी घेतली नव्हती.

संग्रह उभा राहिला २००९ मध्ये. गावातला एक मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगला होता. त्यानं हौसेनं वेबसाइट केली, गावच्या फोटो स्टुडिओवाल्याकडून शूटिंगच्या डीव्हीडी घेतल्या, त्यांच्या फ्लॅशला चालणाऱ्या एफएलव्ही फायली बनवल्या आणि पानावर एक फ्लॅश प्लेअर बसवला. त्या काळी दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. ब्राउझरला स्वतःहून व्हिडिओ दाखवता येत नसे, ते काम प्लगइन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेलं सॉफ्टवेअर, करायचं. रिअलप्लेअर, क्विकटाइम, विंडोज मीडिया असे वेगवेगळे प्लगइन होते, पण फ्लॅश जवळपास प्रत्येक कॉम्प्युटरवर आधीच बसवलेला असायचा. यूट्यूबही तेव्हा फ्लॅशवरच चालायचं. मुलानं केलेली निवड त्या वेळेला चोख होती, हे आधीच सांगतो, कारण पुढच्या बैठकीत दोघातिघांनी सगळं खापर त्याच्यावर फोडायचा प्रयत्न केला. तो आता बेंगळूरला असतो. मी विचारल्यावर त्यानं जुने पासवर्ड रात्रीच पाठवले.

फोनचा प्रश्न मात्र पहिल्या दिवसापासून होता. २००७ मध्ये आयफोन आला तो फ्लॅशशिवाय, आणि फ्लॅश त्यात कधीच आला नाही. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्झनं जाहीर पत्र लिहून त्याची कारणं दिली: बॅटरी, सुरक्षितता, बोटानं चालवायच्या पडद्यावर माउससाठी बनवलेल्या गोष्टी. त्याच वर्षी अँड्रॉइड २.२ मध्ये फ्लॅश प्लेअर १०.१ आला आणि गावात ज्या दोनचार जणांकडे तसले फोन होते त्यांना आपल्या वाचनालयाचं व्याख्यान फोनवर बघता आलं, अडखळत का होईना. ते फार टिकलं नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये अडोबीनं मोबाइलसाठीच्या फ्लॅशचं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं, आणि १५ ऑगस्ट २०१२ पासून तो प्ले स्टोअरमधून नव्या फोनसाठी काढून घेतला. क्रोम ब्राउझर अँड्रॉइडवर आला तो तर फ्लॅशशिवायच. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झालं आणि गावात घरोघरी डेटा आला, तेव्हा ज्या क्रोममध्ये लोकांनी वाचनालयाची वेबसाइट उघडली त्या क्रोममध्ये हे व्हिडिओ चालण्याची शक्यता शून्य होती.

म्हणजे प्रेक्षक फोनवर गेला आणि संग्रह कॉम्प्युटरवर राहिला. गावात कॉम्प्युटर कुणाकडे? शाळेत, सोसायटीत, दोनचार घरांत. समितीची बैठक वाचनालयातल्या कॉम्प्युटरसमोर होत असल्यामुळे समितीला सगळं व्यवस्थित दिसत होतं. पुण्यात, गोव्यात, आखातात कामाला गेलेली पोरं तक्रार करायची. त्यांना उत्तर ठरलेलं: “हिकडं चालालंय की. तुझा फोन बघ.”

माझ्या मते या सगळ्या प्रकरणात खरं नुकसान या उत्तरानं केलं. फ्लॅश बंद पडणार हे अडोबीनं जुलै २०१७ मध्येच सांगितलं होतं, साडेतीन वर्षांची मुदत दिली होती. सप्टेंबर २०१८ पासून ब्राउझर नव्यानं उघडला की क्रोम दर खेपेला परवानगी विचारायला लागलं होतं. फोनवाल्यांची तक्रार त्याआधीही वर्षानुवर्षं येत होती. पण ज्याचा फोन त्याचा दोष, असं एकदा ठरलं की पुढं कुणी विचार करत नाही. दोष फोनचा आहे म्हटल्यावर पोरं फोनवर उपाय शोधायला लागली. कुणी इंटरनेटवरून ‘फ्लॅश प्लेअर’ नावाची एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची, फाइल उतरवली. त्यातून फ्लॅश मिळाला नाही, जाहिराती मात्र मिळाल्या, आणि एकाला तर अख्खा फोन फॅक्टरी रीसेट करावा लागला. एक हुशार पोरगा पफिन ब्राउझर वापरत होता. त्यात तेव्हा पान दूरच्या सर्व्हरवर उघडायचं, फ्लॅशही तिथंच चालायचा आणि आपल्या फोनवर फक्त चित्र यायचं. उपाय अक्कलहुशारीचा, पण साठीतल्या आत्याला तो फोनवरून समजावून सांगता येत नाही.

तक्रारी वेगळ्या करणं

काम हातात घेतल्यावर मी पहिल्यांदा तक्रारीच मागितल्या. कार्यवाहांनी व्हॉट्सॲप गटावर विचारलं, उत्तरं आली: “चालंना झालंय”, “गोल फिरालंय नुसतं”, “आवाज येतोय, चित्र नाही”, “घरात होईना, रानात होतंय”. वरकरणी एकच तक्रार. पण चार वाक्यांत चार आजार होते.

शेवटची तक्रार आधी संपवली, कारण तिचा व्हिडिओशी संबंधच नव्हता. हे गाव हद्दीवर. शिनोळीच्या बाजूला चार पावलं गेलं की चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. मोबाइल कंपन्यांच्या हिशेबात कर्नाटक हे एक सर्कल, म्हणजे सेवेचं क्षेत्र, आणि महाराष्ट्र-गोवा हे दुसरं. काही घरांत फोन पलीकडच्या टॉवरला जाऊन चिकटतो आणि वर रोमिंगची खूण उमटते. ज्यांच्या फोनमध्ये ‘डेटा रोमिंग’ बंद होतं, त्यांचा कॉल लागायचा आणि इंटरनेट मरायचं. रानात गेलं की इकडचा टॉवर मिळायचा आणि सगळं सुरू. सेटिंगमध्ये एक खटका सरकवला की काम झालं. कोडिंग येणाऱ्या माणसाला बोलावून जे निघालं ते हे, असं म्हणून कार्यवाह हसले. पण गटावर हा उपाय टाकल्यावर आलेले अंगठे बाकी कुठल्याही दुरुस्तीपेक्षा जास्त होते.

यादीतली नावं हाही एक वेगळा रोग होता. व्याख्यात्यांची आणि विषयांची नावं युनिकोडमध्ये नव्हती, जुन्या फाँटमध्ये होती. २००९ च्या कॉम्प्युटरवर तो फाँट टाकलेला असल्यामुळे मराठी दिसायचं. फोनवर त्याच जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. म्हणजे व्हिडिओ चालला असता तरी कुणाचं व्याख्यान आहे ते फोनवाल्याला कळलं नसतं. फाँट बदलणाऱ्या साधनातून मजकूर काढला, रफार आणि वेलांट्या हातानं दुरुस्त केल्या. कंटाळवाणं काम, दुसरं काही नाही.

फायलींच्या आत काय होतं

एफएलव्ही म्हटलं की लोकांना वाटतं, हा एक प्रकार आहे. तो नुसता डबा आहे. डब्याच्या झाकणावर काय लिहिलंय यापेक्षा आत काय भरलंय ते बघावं लागतं. एफएफप्रोब नावाच्या फुकट साधनानं एकेक फाइल उघडून बघितली तेव्हा त्यांचे दोन गट पडले. २००९ ते साधारण २०११ पर्यंतच्या फायलींत चित्र सोरेन्सन स्पार्क या कोडेकमध्ये, म्हणजे चित्र दाबून साठवण्याच्या पद्धतीत, होतं आणि आवाज एमपी३ मध्ये. हा कोडेक म्हणजे एच.२६३ चा भाऊबंद, फ्लॅशखेरीज त्याला फारसं कुणी विचारत नाही आणि कुठल्याही फोनच्या ब्राउझरला तो समजत नाही. पुढच्या वर्षांच्या फायलींत मात्र चित्र एच.२६४ आणि आवाज एएसी. फ्लॅशनं हे दोन्ही डिसेंबर २००७ पासून स्वीकारले होते, आणि मुलानं मधेच कधीतरी नवं सॉफ्टवेअर घेतलेलं असणार.

याचा अर्थ काय, तर दुसऱ्या गटातले व्हिडिओ फोनला पहिल्यापासून चालण्याजोगे होते. एच.२६४ उलगडणारी वेगळी चिप साध्यासुध्या स्मार्टफोनमध्येही असते. अडसर फक्त भोवतालच्या आवरणाचा आणि पानावरच्या फ्लॅश प्लेअरचा. त्या फायली एफएफएमपेग या व्हिडिओ बदलायच्या फुकट साधनातून ‘कॉपी’ पर्यायानं काढल्या: चित्र पुन्हा कोड करायचं नाही, जसं आहे तसं उचलून एमपी४ मध्ये ठेवायचं. तासाच्या व्याख्यानाला काही सेकंद लागतात आणि दर्जा रतीभरही उतरत नाही. कितीतरी संस्था अशा फायली ‘कन्व्हर्टर’मध्ये घालून रात्रभर कॉम्प्युटर चालू ठेवतात आणि सकाळी आधीपेक्षा धूसर व्हिडिओ हातात घेतात. त्याची गरज नसते.

पहिल्या गटाला मात्र पुन्हा कोड करणं भाग होतं. धूसर चित्रावरून पुन्हा चित्र काढलं की ते आणखी धूसर होणार. म्हणून मी मूळ शूटिंग मागितलं. स्टुडिओवाल्या मामांनी लाकडी कपाटातून डीव्हीडींची चवड काढली. लग्नाच्या डीव्हीडींच्या मधे व्याख्यानमाला. काही तबकड्यांवर बुरशीचे ठिपके होते, पण बहुतेक वाचता आल्या. डीव्हीडीतलं चित्र एमपेग-२ चं, ७२० बाय ५७६ चं. ते २०० केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला २०० किलोबिटच्या, एफएलव्हीपेक्षा कितीतरी सरस.

इथं दोन गोष्टी जवळून बघाव्या लागल्या. पहिली म्हणजे इंटरलेसिंग. जुन्या टीव्हीसाठीच्या चित्रात एका फ्रेममध्ये दोन क्षण असतात, एक विषम ओळींत आणि एक सम ओळींत. टीव्हीवर ते कळत नाही. फोनच्या पडद्यावर वक्ता हात उडवून बोलायला लागला की त्याच्या बोटांच्या कडेला फणीसारखे दाते दिसतात, पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर तर फारच. डीइंटरलेस करण्याचा फिल्टर लावला की जातात, पण तो एकदा लहान आकार केल्यावर लावून उपयोग नाही. आधी दाते काढायचे, मग आकार कमी करायचा. दुसरी गोष्ट पिक्सेलची. ७२० बाय ५७६ मधले पिक्सेल चौरस नसतात. आकडे तसेच ठेवून फाइल केली तर माणसं किंचित लांबट, सडपातळ दिसतात. एका दिवंगत व्याख्यात्यांच्या मुलीनं पहिला नमुना बघून सांगितलं, “बाबा एवढे बारीक नव्हते.” तिचं बरोबर होतं. ४ बाय ३ च्या चित्राला ४८० बाय ३६० असा आकार दिला आणि बाबा पूर्ववत झाले.

एमपी४ झालं, तरी आयफोन रुसला

पानावरचा फ्लॅशचा तुकडा काढून तिथं एचटीएमएल५ या वेब पानांच्या भाषेतला ‘व्हिडिओ’ टॅग टाकला. ही सोय ब्राउझरांत २०१० च्या आसपास रुळायला लागली, ऑक्टोबर २०१४ मध्ये एचटीएमएल५ अधिकृत मानक झालं आणि जानेवारी २०१५ मध्ये यूट्यूबनंही फ्लॅश सोडून तोच नेहमीचा मार्ग केला. प्लगइन नाही, वेगळा प्लेअर नाही, फोनचा ब्राउझर स्वतःच व्हिडिओ चालवतो. मी वर कसलाही सजवलेला प्लेअर बसवला नाही. फोनची स्वतःची बटणं लोकांच्या बोटांना सवयीची असतात.

अँड्रॉइडवर व्हिडिओ सुरू झाला, पण उशिरा, आणि मधूनच पुढं सरकवता येईना. आयफोनवर तर सुरूच होईना, नुसतं तिरकी रेघ मारलेलं बटण. एकच फाइल, एकच पान. इथं पुन्हा “आयफोनच तसला” असं म्हणायचा मोह समितीला झाला होता.

कारणं दोन निघाली आणि दोन्ही एकमेकांत गुंतलेली होती. एमपी४ फाइलमध्ये ‘मूव्ह’ नावाचा एक भाग असतो, आत कुठल्या क्षणाचं चित्र कुठं आहे याची ती अनुक्रमणिका. ती मिळाल्याशिवाय फोनला काहीच दाखवता येत नाही. बनवताना ही अनुक्रमणिका सहसा फाइलच्या शेवटी जाते, कारण फाइल पूर्ण झाल्याखेरीज ती लिहिता येत नाही. शेवटचा तुकडा आधी मागायची सोय असेल तर निभतं. नसेल तर सबंध फाइल उतरेपर्यंत गोल फिरत राहतं. “गोल फिरालंय नुसतं” या तक्रारीचं हे उत्तर. एफएफएमपेगला ‘फास्टस्टार्ट’चा पर्याय दिला की ती अनुक्रमणिका फाइलच्या सुरुवातीला आणून ठेवली जाते.

दुसरं कारण सर्व्हरवर होतं. आयफोनमधला सफारी व्हिडिओ मागताना आधी फक्त पहिले दोन बाइट मागतो. सर्व्हरनं ‘२०६’ या क्रमांकाचं उत्तर देऊन खरोखर तेवढेच दोन बाइट दिले तर त्याला समजतं की या सर्व्हरकडून हवा तो तुकडा मिळेल. सर्व्हरनं ‘२००’ म्हणून अख्खी फाइल अंगावर टाकली तर तो व्हिडिओ नाकारतो. आमचा सर्व्हर नेमकं तेच करत होता, आणि त्यात सर्व्हरचा दोष नव्हता. किती जणांनी व्याख्यान बघितलं ते मोजायला जुन्या वेबसाइटवर एक छोटी पीएचपी स्क्रिप्ट होती. प्रत्येक फाइल तिच्यातून बाहेर पडायची, आणि तुकड्यांची मागणी तिला कळत नव्हती. फ्लॅशला त्याची पर्वा नव्हती, म्हणून इतकी वर्षं हे उघडकीला आलं नाही. स्क्रिप्ट बाजूला करून फाइलचा थेट पत्ता दिला. तुकडे देण्याचं काम अपाची सर्व्हर आपणहून करतो. आयफोनवर व्हिडिओ लगेच लागला, अँड्रॉइडवर पुढं-मागं सरकवता येऊ लागलं.

मोजणी गेली म्हणून समितीतले एक सदस्य नाराज झाले. वार्षिक अहवालात तो आकडा द्यायचे म्हणे. मी सर्व्हरच्या लॉगवरून, म्हणजे नोंदींवरून, काढता येईल म्हणालो, त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

आणखी एक बारीक बाब. यादीच्या पानावर ओळीनं व्हिडिओ असले की काही ब्राउझर न विचारता प्रत्येकाचा थोडा थोडा भाग आधीच उतरवून ठेवतात. ज्याचा दिवसाचा डेटा दीड जीबीवर संपतो त्याला हे परवडत नाही. ‘प्रीलोड’ बंद ठेवलं आणि प्रत्येक व्हिडिओला एक स्थिर चित्र लावलं.

डेटाचा हिशेब, आणि नुसता आवाज

फायलींचा वेग एकूण ५०० केबीपीएस ठेवला. हिशेब सरळ आहे: ५०० किलोबिट गुणिले ३६०० सेकंद भागिले ८, म्हणजे तासाला २२५ एमबी. गावात ४जी आहे, चालून जातं. पण वाचनालयाचे बरेच सभासद खानापूर तालुक्यातले, लग्न होऊन गेलेल्या लेकी, नोकरीनिमित्त गेलेले शिक्षक. जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या बाजूला, रानातल्या वाड्यांत रेंज पायरीवर एक आणि ओसरीवर शून्य अशी असते. तिथं २२५ एमबी ही चैन.

व्याख्यानात बघण्यासारखं काय असतं? एक माणूस, एक माइक, मागं बॅनर. म्हणून प्रत्येक व्याख्यानाची नुसत्या आवाजाची फाइलही दिली, ६४ केबीपीएस, एकच वाहिनी. तासाला सुमारे २९ एमबी. ही सूचना समितीला आधी कमीपणाची वाटली. “व्हिडिओच्या जमान्यात रेडिओ कशाला?” असा सूर होता. प्रत्यक्षात घरकाम करताना, दूध घालायला जाताना, गाडीवरून उद्यमबागला कामाला जाताना लोक आवाजच ऐकतात, पडदा खिशात असतो. जिओफोनचा प्रश्नही त्यातून सुटला. तो काईओएस या साध्या फोनसाठीच्या प्रणालीवर चालतो, पडदा २.४ इंचाचा, मेमरी ५१२ एमबी. अशा फोनवर तासाभराचा व्हिडिओ बघणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा, पण आवाजाची फाइल त्यावर बिनबोभाट चालली. माझ्या दृष्टीनं या कामातला सगळ्यात उपयोगी भाग हाच, आणि त्यात तंत्रज्ञान सगळ्यात कमी.

थेट प्रक्षेपण

कोविडमुळे त्या वर्षीची व्याख्यानमाला मोजक्या माणसांत करायची होती आणि बाकीच्यांना फोनवर थेट दाखवायची होती. पूर्वी एकदा त्यांनी थेट दाखवलं होतं, ते आरटीएमपी या पद्धतीनं, फ्लॅशच्या सर्व्हरवरून. तीच व्यवस्था पुन्हा लावता येईल का, असं विचारणं झालं. फोनच्या ब्राउझरला आरटीएमपी घेता येत नाही, त्यामुळे बघणाऱ्याच्या बाजूनं तो मार्ग संपलेला. ॲपलनं २००९ मध्ये आणलेल्या एचएलएस पद्धतीत व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करतात आणि त्यांची यादी देतात. फोन साध्या वेब पानासारखा एकेक तुकडा मागून घेतो, रेंज पडली की हलक्या दर्जाचा तुकडा उचलतो. आयफोनवर हे जात्याच चालतं, अँड्रॉइडवरही अडत नाही.

स्वतःच्या सर्व्हरवर एचएलएस उभारता येतं. मी नको म्हणालो. दोनशे जण एकाच वेळी १ एमबीपीएसनं बघायला बसले तर सर्व्हरला २०० एमबीपीएस सतत द्यावे लागतात. वर्षाला थोड्या हजारांच्या सामाईक होस्टिंगवर ते व्हायचं नाही. यूट्यूबवरून थेट करा आणि तोच चौकोन आपल्या पानावर लावा, असं ठरलं. गंमत अशी की लॅपटॉपवरच्या ओबीएस या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमधून यूट्यूबकडे चित्र जातं ते आजही आरटीएमपीनंच. फ्लॅश गेला, त्याची पाठवण्याची वाट राहिली. बघणाऱ्याला मात्र ते तुकड्यांत मिळतं.

चॅनेलवर पहिल्यांदा लाइव्ह सुरू करायला २४ तासांपर्यंत वाट बघावी लागते. हे माहीत नसल्यामुळे ऐन संध्याकाळी हात चोळत बसलेल्या संस्था मी बघितल्यात, म्हणून आठवडाभर आधी ते करून घेतलं. ४८०पी वर, साधारण १ एमबीपीएसनं पाठवलं. मंदिरासमोरच्या सभागृहात ब्रॉडबँडची वायर नव्हती. शेजारच्या घरातून लांब केबल ओढली आणि ती खिडकीच्या गजाला बांधली, कारण पहिल्या चाचणीत एका बाळानं ती उपटली होती.

प्रश्नोत्तरांच्या वेळी एक अडचण आली. फोनवर बघणाऱ्याला चित्र वीसपंचवीस सेकंद उशिरा दिसतं. तिकडून प्रश्न लिहून येईपर्यंत इकडं वक्ते पुढच्या मुद्द्यावर गेलेले. एका सूत्रसंचालकानं आपणहून तोडगा काढला: प्रश्न मागून झाले की आभाराचं अर्धं भाषण आधीच उरकून घ्यायचं.

फ्लॅशमधले उरलेले दोन तुकडे

व्हिडिओंखेरीज वेबसाइटवर एक फ्लॅशमधलं शीर्षक होतं, समईची ज्योत हलते आणि गावाचं नाव उमटतं. आणि संमेलनाच्या स्मरणिकेचं पानं उलटणारं पुस्तक. शीर्षक साधं, ॲक्शनस्क्रिप्ट या फ्लॅशच्या भाषेच्या जुन्या आवृत्तीतलं. ते रफल या साधनानं जसंच्या तसं चालवलं. रफल ही फ्लॅशची नक्कल रस्ट भाषेत लिहिलेली आहे आणि ब्राउझरमध्ये वेबअसेंब्लीवर चालते, म्हणजे फोनवर काही बसवावं लागत नाही. स्मरणिका मात्र ॲक्शनस्क्रिप्ट ३ मधली, तिची साथ रफलमध्ये तेव्हा अपुरी होती. तिच्या पानांची सरळ पीडीएफ केली. पान उलटतानाचा फडफड आवाज गेला, याचं वाईट दोघातिघांना वाटलं. मला नाही. फोनवर दोन बोटांनी मोठं करून स्मरणिकेतली कविता वाचता येते, ती फडफडीत वाचता येत नव्हती.

संग्रह कुठं ठेवायचा यावर समितीत वाद झाला आणि तो अजून पुरता मिटलेला नाही. तरुणांचं म्हणणं, सगळं यूट्यूबवर टाका, होस्टिंगचे पैसे वाचतील, लोक तिथंच असतात. जुन्या मंडळींचं म्हणणं, आपलं ते आपल्याजवळ असावं. मी दोन्ही ठेवायला सांगितलं. यूट्यूबवर लोकांना सापडतं, त्यात शंका नाही. पण तिथून मूळ फाइल जशीच्या तशी परत मिळेलच असं नाही, आणि आवाजाची वेगळी हलकी फाइल देण्याची सोयही नाही.

नवं दुखणं एचईव्हीसीचं, म्हणजे एच.२६४ नंतर आलेल्या नव्या कोडेकचं. गावातला एक स्वयंसेवक आता आयफोनवर चित्रण करतो. २०१७ च्या आयओएस ११ पासून नवे आयफोन ठरलेल्या सेटिंगवर एचईव्हीसीमध्ये चित्रण करतात, आणि ती फाइल तशीच चढवली की काही अँड्रॉइड फोनवर आवाज येतो, चित्र काळं. ‘आवाज येतोय, चित्र नाही’ ही तक्रार त्याच्या एका क्लिपवरची होती. त्याच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडून दिलं. फोन बदलला की ते पुन्हा निवडावं लागेल, हे वाचनालयाच्या वहीत लिहून ठेवलंय. डोमेनचं नूतनीकरण बेंगळूरच्या मुलाच्या नावावरून समितीच्या नावावर झालंय. डीव्हीडींवरून काढलेल्या मूळ फायली दोन हार्डडिस्कवर आहेत, एक वाचनालयात आणि एक स्टुडिओवाल्या मामांकडे. नवीन काही चढवायचं असेल तर आधी एका अँड्रॉइडवर, एका आयफोनवर आणि ग्रंथपालबाईंच्या जिओफोनवर लावून बघायचं, असं ठरलंय. वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर बघायचं की नाही ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर.